कोरा टेस्टर

अख्ख्या देवरीत माझ्याएवढा जुना वायरमन नाई. लायसनच्या परीक्षेत माझ्याएवढा जुना नापासबी नाई.

तिसऱ्यांदा परीक्षेले गोंदियाच्या बसनं जाऊन राहिलो होतो. बाजूले एक बाई बसली होती. मांडीवर तांब्याच्या दोन तारा. त्यांचा जोड पिळे, ओढून पाहे, सोडे, अन् पुन्हा पिळे. तिचीबी तीच परीक्षा होती. तिचं नाव पुसाचं राहूनच गेलं, मले शिकवाची घाई होती ना!

"बाई, तार चालू हाय का बंद, कसं पाहाल?"

"टेस्टर लावून."

"हट! आपण उलटं बोट टेकवतो. झटका बसला का चालू."

तिचे हात थांबले.

"आमचे मालकबी असंच पाहत, भाऊ. शेतातल्या मोटरीवर झटका बसून गेले. आता त्यांची कामं मले भेटतात, पर लोक पह्यले लायसन पुसतात."

"मले मातर आजवर काई झालं नाई," मी हुशारी केलीच.

तिनं पिशवीतून एक टेस्टर काढला अन् माझ्या खिशात खोचला.

"त्यांचाच हाय. कोराच राहिला. पास होनं तुम्हाले जमेल का नाई, माहीत नाई. जितं राहनं तरी शिका."