उभं गांडूळ

उत्क्रांतीला घाई नसते. लेकीच्या शाळेने मात्र तिला सोमवार सकाळपर्यंतची मुदत दिली होती. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या आमच्या गच्चीवरून जी दलदल दिसते, तिच्यात पुढेमागे कोणता जीव निर्माण होईल, याची कल्पना करून प्रतिकृती आणायची. प्रमुख पाहुणे येणार, तेव्हा काहीतरी भव्य हवं, अशी वर सूचना.

लेकीने गांडूळ निवडलं. शेवाळ गिळून गिळून हिरवं झालेलं, चिखलात शेपूट रोवून गवतासारखं उभं. हलणाऱ्याला बगळे टिपतात, म्हणून हे हलत नाही. उन्हावर पोट भरतं, म्हणून तोंड गळून गेलेलं.

“तोंडच नाही? मग बोलणार कसं?”

“म्हणूनच सुखी आहे, बाबा.”

मातीची गांडुळं वाळली की तडकत. शेवटी वैतागून मी तांदळाची उकड काढली, खायचा हिरवा रंग घातला आणि सोऱ्यातून गांडुळं पाडली. शनिवारी ती गच्चीवर वाळत टाकली. शेजारी सासूबाईंचे वडाम, म्हणजे तळायच्या तांदळाच्या कुरडया, होते. सासूबाई तंजावरच्या मराठी घरातल्या. मार्चचं ऊन वाया घालवणं त्यांना पाप वाटतं.

रविवारी दहीभाताबरोबर ताटात हिरवं, कुरकुरीत काहीतरी आलं. लेकीचा घास हातातच राहिला.

“अय्यो, माझ्या वाळवणाच्या धोतरावर, माझ्या वडामांशेजारी वाळत होतं. मी काय समजू?” सासूबाई म्हणाल्या. “म्हटलं, जावईबापूंनी एकदा तरी कामाचं काही केलं.”

“आजी, ती माझी गांडुळं होती!”

“होती ना? आता नाहीत. भात जेव.”

नवी उकड वाळायला ऊन उरलं नव्हतं. लेक संध्याकाळभर रडली. मी शाळेला, प्रदर्शनाला आणि वडामांना मनातल्या मनात बरंच काही बोललो. सकाळी तिने नुसता चिखलाचा ट्रे उचलला आणि नावाच्या पाटीखाली लिहिलं: नामशेष.

खांद्यावरची शाल सावरत प्रमुख पाहुणे त्या रिकाम्या चिखलापुढे बराच वेळ उभे राहिले. मग माइक मागवून त्यांनी सांगितलं की, माणसाच्या हावेने एक अख्खी प्रजाती गिळली. टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस लेकीला मिळालं.

पाहुण्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. सासूबाईंची तक्रार एवढीच, की मीठ नव्हतं.