डावा हात, उजवा हात

आजी या वयात वर्गात जाऊन का बसली, असं तुम्ही नातवंडांनी फोनवर हसत विचारलंत. नीट सांगते. आपल्या रिहे गावच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायला मी फुकट तयार होते. शाळेला मदत करणाऱ्या संस्थेचं म्हणणं पडलं, प्रशिक्षणाशिवाय कोणालाही वर्गात सोडता येणार नाही. मी इंग्रजीतच शिकले आणि नोकरीत जन्मभर इंग्रजीतच लिहिलं. तरी म्हटलं, ठीक आहे, शिकू.

शिकवायला एक प्रशिक्षिका शहरातून गाडीने यायची. ती दिल्लीकडची, मराठी तिला कळत नसे, आणि हीच आपली मोठी पात्रता आहे असं तिला वाटे. वर्गात मराठी शब्द उच्चारायचा नाही हा पहिला नियम. आम्हा मोठ्या बायकांना तिने टाळ्या वाजवत गोल फिरायला लावलं. मी फिरले नाही. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा ठणठणीत होता.

तिचं सगळ्यात लाडकं तत्त्व म्हणजे ‘थिंकिंग टाइम’. प्रश्न विचारला की मुलांना विचार करायला वेळ द्या, मध्ये बोलू नका. हे ती इतक्या भराभर सांगे, की तिला शंका विचारायला कोणाला वेळ मिळत नसे.

माझ्या शेजारी जवळच्या चांदे गावातली एक सून बसायची. बी. ए. झालेली, हुशार, जिभेने तिखट. सासऱ्यांनी जमीन विकून खोल्या बांधल्या होत्या आणि हिंजवडीत कामाला जाणाऱ्या मुलांना त्या भाड्याने दिल्या होत्या. झाडलोट आणि डबे हिच्या गळ्यात. प्रशिक्षण पहिल्या फटक्यात पास झालीस तर नोकरी कर, नाहीतर विषय बंद, असं सासऱ्यांनी बजावलं होतं.

शेवटची परीक्षा म्हणजे रिह्याच्या चौथीच्या वर्गावर एक पाठ. तो बघायला मागच्या बाकावर प्रशिक्षिका आणि आम्ही बाकीच्या बायका. आदल्या दिवशी ही सून मुलांना काहीतरी पढवताना मला दिसली. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. बघणाऱ्याला वाटावं, सगळा वर्ग हुशार. ती विचारणार फक्त उजव्यांना.

मी म्हटलं, “अगं, ही लबाडी माझ्या लहानपणीची आहे. इन्स्पेक्टर यायचे तेव्हा चालायची.”

“मग इतकी वर्षं टिकलीय म्हंजे चांगलीच आसंल की.”

“लाज नाही वाटत?”

“आजी, तुमचं बरं हाय. तुमाला नापास केलं तर तुमी घरी जाऊन चहा पिणार. मला केलं तर मी संडास धुणार, तेबी दुसऱ्यांच्या पोरांचं.”

मला ती लबाडी तरीही आवडली नाही.

पाठ होता सकाळच्या न्याहारीचा. तक्ते संस्थेनेच दिलेले: दुधातले पोहे नव्हेत, दुधातला कसला तरी चुरा, पॅनकेक, संत्र्याचा रस. भाताच्या खाचरांमधून चालत आलेल्या मुलांसमोर पॅनकेक. सुनेने इंग्रजीत विचारलं, तुम्ही सकाळी काय खाता? सगळे हात वर. उजव्या हातांनी पॅनकेक खाल्ले, रस प्यायला. प्रशिक्षिका खूश झाली. इतकी, की उठून तिने स्वतःच एका मुलीकडे बोट दाखवलं. मुलगी वरच्या वाडीतली. हात डावा.

सून पांढरी पडली. मुलगी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “मला न्हाई येत. म्हनून तर डावा हात केलाय. ताईंनीच सांगितलंय तसं.”

प्रशिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. माझं इंग्रजी तिला पसंत होतं. काय म्हणते ही, तिने विचारलं.

मी माझ्या उत्तम इंग्रजीत सांगितलं, “ती विचार करायला थोडा वेळ मागते आहे.”

प्रशिक्षिकेचा चेहरा उजळला. तिने वर्गाला गप्प राहण्याची खूण केली. मग आम्ही सगळे थांबलो. मुलगी माझ्याकडे संशयाने बघत उभी, सून खडूचे तुकडे करत उभी, आणि प्रशिक्षिका हसतमुखाने काहीतरी लिहीत राहिली. घंटा झाली. उत्तर आलंच नाही, आणि ते तिच्या ध्यानातही राहिलं नाही. तिने सगळ्यांसमोर सुनेच्या धीराचं कौतुक केलं.

बाहेर मुलीने मला गाठलं. “आजी, तू तिला येगळंच सांगितलं ना?”

“हो. तू सकाळी काय खाल्लंस?”

“भाकर आन् मिरची.”

ते इंग्रजीत कसं सांगायचं ते मी तिला सांगितलं. तक्त्यावर नसलेलं उत्तर चालतं का, असं तिने विचारलं. चालतं म्हटलं.

सून आता सूस गावच्या एका शाळेत शिकवते, स्वतःच्या स्कूटरवर जाते. खोल्या झाडायला सासऱ्यांनी पगारी बाई ठेवली, आणि भाडेकरूंना ‘आमची सून इंग्लिशची टीचर’ असं तेच ऐकवतात. परवा ती पेढे घेऊन आली. मी विचारलं, “वर्गात अजून डावा-उजवा हात करायला लावतेस का?”

“लावते की,” ती म्हणाली. “पन आता डाव्यांना आधी इचारते.”

पेढे बरे होते. प्रशिक्षणाबद्दलचं माझं मत आहे तेच आहे.