टाचा जुळल्या त्या दिवशी

गेल्या मंगळवारी सुरतच्या दवाखान्यात आमच्या ईश्वरीने सावधान उभं राहून टाचा जुळवल्या. डॉक्टर, वहिनी आणि मी, तिघंही फरशीकडे बघत होतो... टाचेला टाच लागली आणि डोळे माझेच भरून आले.

ईश्वरी माझ्या भावाची मुलगी, दहा वर्षांची. मी तिची फुई, म्हणजे आत्या. आमच्या घरात ही देणगी आम्हा दोघींनाच मिळाली... उभं राहिलं की गुडघे एकमेकांना घासतात आणि पावलं मात्र चार बोटं लांब राहतात.

आमच्या गावी, रनाळ्याच्या शाळेत पी.टी.चे सर ओरडायचे, "टाचा जुळवा!" अख्ख्या रांगेच्या जुळायच्या, माझ्या नाही. सरांना वाटायचं मी मुद्दाम करते. आई रोज तेल चोळायची आणि सगळे म्हणायचे, मोठी झाली की होतील सरळ. मी मोठी झाले...

ईश्वरीच्या वेळी मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. भाऊ कापूस वेचणीत अडकलेला, म्हणून वहिनीला आणि तिला घेऊन मीच सुरतची गाडी पकडली.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. गुडघ्याजवळ हाडाच्या टोकाला एक काळी रेघ असते, तिथून हाड वाढतं. आतल्या बाजूने त्या रेघेवर बोटाच्या पेराएवढी प्लेट आणि दोन स्क्रू बसवायचे. आतली वाढ थांबते, बाहेरची चालू राहते, आणि पाय हळूहळू सरळ होत जातो. अट एकच, वाढ शिल्लक हवी.

घरी येऊन हे सांगितलं तर आई उखडलीच. "आपन पोरनी वाढ होवाकरता जीव टाकतस, अन् हाऊ डॉक्टर वाढ रोकी ऱ्हायना!"

आमच्या आईचं वाढीचं शास्त्र वेगळं आहे. झोपलेल्या पोराला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते. चुकून ओलांडलंच, तर लगेच उलटं ओलांडायचं, म्हणजे फिटलं. तरी ऑपरेशन झालंच, आणि त्यानंतर वर्षभर आई ईश्वरीच्या अंथरुणाशी पहाऱ्याला बसल्यासारखी होती. एकदा भाऊ पंखा लावायला घाईत तिच्यावरून गेला, तर "उलटा ये, उलटा ये" करत तिने घर डोक्यावर घेतलं.

दर तीन महिन्यांनी आम्ही सुरतला जायचो. दर वेळी टाचांमधली फट कमी झालेली... चार बोटं, तीन, दीड. मला आनंद व्हायचा, खरंच व्हायचा. पण परतताना ट्रेनमध्ये मी माझ्या गुडघ्यांवर ओढणी पसरून बसायचे.

मंगळवारी डॉक्टर म्हणाले, आता प्लेटा काढून टाकू, नाहीतर पाय उलट्या बाजूला वाकतील. वहिनी तारीख घ्यायला बाहेर गेली आणि मी पटकन विचारून टाकलं... माझं काही होईल का? एक्केचाळीस वर्षांच्या बाईने!

त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाले, तुमच्या रेघा केव्हाच बंद झाल्या. आता हाड कापूनच सरळ करावं लागेल, ते मोठं ऑपरेशन, दुखत नसेल तर कशाला करता? नाही दुखत... तसं नाही दुखत.

ईश्वरी तिथेच स्टुलावर बसली होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

रविवारी दुपारी रनाळ्याला जेवून मी पुढच्या खोलीत चटईवर आडवी झाले होते. शेजारी आई मेथी निवडत होती. डोळा लागतोय तोच माझ्यावरून कोणीतरी जातंय असं वाटलं... डोळे किलकिले करून पाहिलं तर ईश्वरी. फ्रॉक सावरून, एकेक पाऊल मागे टाकत ती मला उलटं ओलांडत होती.

आता आई ओरडणार, असं वाटलं. ती ओरडली नाही. तिने हळूच विचारलं, "काय करी ऱ्हायनी व माय?"

"फुईले लहानपने कोनीतरी वलांडेल व्हई ना, आजी," ईश्वरी कुजबुजली. "अन् उलटं कोनी वलांडंच नही. म्हनीसन मी फेडी ऱ्हायनी."

मेथीच्या काड्या मोडायचा आवाज थांबला. मी डोळे घट्ट मिटून घेतले. मग आईचा आवाज आला...

"आखो एक डाव वलांड, बेटा."

ती माझ्या डोक्याकडून वळसा घालून आली आणि पुन्हा तशीच उलटी ओलांडून गेली.

दोघी आत गेल्यावर मी उठले. भिंतीला पाठ लावून सावधान उभी राहिले, जशी शाळेत राहायचे तशी. चार बोटं... तेवढीच. पण खाली बघायच्या आधी, खरं सांगते, मला वाटलं होतं जुळल्या.