देवाच्या पट्टीतला घोडा

आमच्या घराण्यातलं आजवर कुणी लढाईला गेलेलं नाही. इस्लामपूरजवळ ऊस लावायचा, तो तुटायची वाट बघायची आणि पुन्हा लावायचा, एवढाच आमचा पराक्रम. माझी सासुरवाडी मात्र साताऱ्याकडची, घरटी एक फौजी असलेली. सासरे रिटायर्ड सुभेदार. जेवताना दुसऱ्या भाकरीला त्यांचा प्रश्न ठरलेला, "पाव्हणं, तुमच्यातलं कोण लढलंय का न्हाई?" मी खाली मान घालून आमटी ओरपायचो.

शेवटी इरेला पेटलो आणि पूर्वज शोधायला लागलो. भावकीतल्या म्हाताऱ्यांना पिडून पिडून एवढंच कळलं की आमचे पणजोबा लय शांत होते. (शांत!)

मग एकदा देवाच्या पट्टीत पाणी पाजताना बांधात रुतलेला दगड दिसला. (देवाची पट्टी म्हणजे महादेवाच्या देवळाला लागून असलेलं आमचं सगळ्यात चांगलं रान. देवाच्या कृपेनं पिकतं म्हणून ते नाव, असा आमचा समज.) चिखल धुतला तर वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेली अक्षरं आणि खाली घोडा! घोड्याखाली कुणीतरी आडवं पडलेलं, बहुधा शत्रू. म्हणजे हा वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा दगड. रान आमचं, तेव्हा वीरही आमचाच.

बायकोनं फोटो बघितला. "आवं, कान लय लांब हाईत की."

"भीमथडी जात आहे ती," मी ठणकावलं. (घोडा मी फक्त वरातीत बघितलाय.)

बांधावर ओटा बांधून दगड उभा केला, शेंदूर फासला, हलगी लावली. भावकीतल्या बायकांनी हळदी-कुंकू वाहिलं, चुलतीनं तर नवसही बोलला. सासरे कडक इस्त्रीत आले आणि त्यांनी दगडाला खाडकन सॅल्यूट ठोकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरं.

सासऱ्यांबरोबर त्यांचे एक मित्र होते, सांगलीला कॉलेजात इतिहास शिकवणारे. त्यांनी वाकून शेंदूर पुसला, बायकांकडे बघितलं आणि ते गोरेमोरे झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा वीरगळ नव्हे, गधेगळ आहे. ते गाढव आहे. दगडात कोरलेली शिवी असते ही. देवाला दान दिलेली जमीन जो लाटेल, त्याच्या आईला... पुढचं इथं सांगता येत नाही."

मी देवळाकडे बघितलं. मग आमच्या पट्टीकडे बघितलं.

सासऱ्यांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळं बिचाऱ्या सरांना सगळं पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. हलगी थांबली. चुलती नवस परत घेता येतो का, ते विचारू लागली. सासरे मात्र कितीतरी वर्षांचं कोडं सुटल्यासारखे हसले.

"आता कळलं, पाव्हणं. घरबसल्या मुलूख मिळाल्यावर लढायला कशाला कोण जातंय?"

दगड अजून ओट्यावरच आहे, हलवायचा धीर कुणाला होत नाही. बायको रानात आली की आधी त्या कानांकडे बघते, मग माझ्याकडे. मला ते गाढव ओळखता आलं नाही. त्यानं मात्र मला बरोबर ओळखलं.