यंत्र बिघडलंय, असं मी सांगितलं तेव्हा

मी स्वयंसेवक म्हणून जातो त्या आरोग्य संस्थेच्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, घरोघरी बीपी मोजायचं आणि जास्त आलं की लगेच मला फोन करायचा. आपला सल्ला द्यायचा नाही." मी मान डोलावली. पण आमच्या घराण्यात सल्ला दिल्याशिवाय चहासुद्धा पचत नाही.

बिबवेवाडीत एकट्या राहणाऱ्या एका आजींचं बीपी भलतंच जास्त आलं. त्या घाबरल्या, म्हणून मी ऐटीत सांगितलं, "यंत्रच बिघडलंय. पडून राहा, उद्या येतो." कोपऱ्यावर आल्यावर खात्रीसाठी स्वतःचं मोजलं. अगदी नेहमीचं आलं. यंत्र ठणठणीत होतं.

मी तिथूनच ताईंना फोन केला.

"आणि तुम्ही त्यांना सोडून आलात?" एवढंच त्या म्हणाल्या.

मागे फिरून, तीन जिने धावत चढून मी आजींचं दार वाजवलं. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवलं. त्या वेळी कुठल्या देवाला काय कबूल केलं, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

अखेर कडी निघाली. आजी भिंतीला धरून उभ्या होत्या. ताई रिक्षा घेऊनच आल्या. दवाखान्यात आजींना लगेच दाखल करून घेतलं.

"त्यांच्याजवळ बसा," ताई मला म्हणाल्या, "आणि बोलू नका."

मी बसलो. आजींनी माझा थरथरता हात धरला आणि हळूच विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"