यशूच्या नावाने

मैत्रेयी वाघचौरेला चार माणसांत बोलायला जमायचं नाही. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या खोलीत ती दिवसभर शिलाई मशीनवर बसायची. ब्लाउज, फॉल, पिको. बोलण्याचं काम धाकट्या यशोधराचं. ती बसस्टॉपवरसुद्धा मैत्रिणी करून यायची.

२००६ साली ऑर्कुटचं वेड आलं आणि यशोधराला कल्पना सुचली. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, चौदा ऑक्टोबरच्या धम्मदीक्षा दिनाला बायकांना पांढरी साडी लागते, पण निळ्या काठाची चांगली साडी सगळीकडे मिळत नाही. मैत्रेयीने काठ लावायचे, यशोधराने फोटो काढून ऑर्कुटवर टाकायचे, पार्सल कुरिअरने जायचं, असं ठरलं. गल्लीच्या तोंडाशी एका सिंधी अंकलचा सायबर कॅफे होता. तिथे बसून यशोधरा निरनिराळ्या कम्युनिटींत शिरायची आणि आठवडाभर साडीचं नावही काढायची नाही.

"आधी मैत्रीण करायची, ताई," ती सांगायची. "साडीचं ती आपणहून विचारते."

तसंच झालं. वर्षभरात नांदेड, अकोला, नागपूरकडच्या तीनेकशे बायका जमल्या. कुणीच कुणाला पाहिलं नव्हतं, पण यशू सगळ्यांची झाली होती.

२००७च्या जुलैत तिला कावीळ झाली. मुंबईच्या हॉस्पिटलात हलवेपर्यंत उशीर झाला होता. नवव्या दिवशी ती गेली. चोवीस वर्षांची होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नातेवाईक पांगले. सप्टेंबरात मैत्रेयी कॅफेत गेली, ती बहिणीचं प्रोफाइल बंद करायला. पासवर्ड तिला माहीत होता. पान उघडलं, यशूचा हसरा फोटो आला, आणि खाली एक्केचाळीस निरोप. कुठे आहेस? रागावलीस का? चौदा ऑक्टोबरला साडी पाठवशील ना? या बायकांना कळवणारं कुणी नव्हतंच.

'यशोधरा आता' एवढं तिने टाइप केलं. पुढचं लिहवेना. तिने ते पुसलं आणि लिहिलं, 'आजारी होते गं. आता बरी आहे.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'सुटले बाई. किती काळजी लागली होती.'

ते वाचून मैत्रेयीला कित्येक दिवसांनी नीट श्वास घेता आला. कुठेतरी यशू बरी होती.

मग ती रोज जाऊ लागली. यशूचे जुने निरोप वाचून तिने तिची तऱ्हा उचलली. प्रत्येकीला 'राणी' म्हणायचं, तब्येत विचारायची, चिडवायचं. जन्मात जे बोलणं जमलं नव्हतं, ते बहिणीच्या नावाने भराभर सुचायचं. दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकं दुप्पट झाली. नांदेडच्या मीनलचं बाळ पोटातच गेलं, तेव्हा ती महिनाभर रोज यशूला लिहीत होती आणि मैत्रेयी रोज उत्तर देत होती.

घरी ती एवढंच सांगायची की ऑर्डरी चालू आहेत. पण एकदा आईने हाक मारली आणि मैत्रेयीच्या तोंडून निघून गेलं, "काय गं राणी?" पीठ मळणाऱ्या रखमाबाईंचे हात थांबले. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग मैत्रेयीकडे.

एकोणीस जानेवारीला यशोधराचा वाढदिवस. सकाळी मायलेकी विहारात मेणबत्ती लावून आल्या. दुपारी मैत्रेयीने कॅफेत पान उघडलं, तर शंभरावर शुभेच्छा. शतायुषी हो. अशीच हसत राहा. ती खाली खाली वाचत गेली, आणि खुर्चीमागे उभं राहून कुणीतरी बरोबर वाचतंय असं तिला वाटलं. तिने वळून पाहिलं. मागे भिंत होती. पण वाटणं गेलं नाही, आणि जे वाचणारं होतं ते आता ती पुढे काय लिहिते याची वाट पाहत होतं.

तिने सगळं लिहिलं. यशोधरा कधी गेली, कशाने गेली, आणि सप्टेंबरपासून लिहितेय ती मी, तिची मोठी बहीण.

दुसऱ्या दिवशी बायकांचा संताप आला. मेलेल्या मुलीला आम्हाला दीर्घायुष्य चिंतायला लावलंस, असं एकीने लिहिलं. निम्म्याहून जास्त बायका निघून गेल्या. मीनलने पार्सलवरचा नंबर बघून फोन केला.

"नोव्हेंबरात माझ्याशी कोण बोलत होतं?"

"मी."

"म्हणजे यशूला माझ्या बाळाचं कळलंच नाही."

"नाही."

मग मीनलने विचारलं, "तुझं नाव काय?"

मैत्रेयीने स्वतःच्या नावाचं प्रोफाइल काढलं. पहिल्या महिन्यात अकरा बायका आल्या. उत्तरं ती आता दोन ओळींत देई, तिची स्वतःची, कोरडी. बुद्धपौर्णिमेपर्यंत साठेक झाल्या. तेवढ्यांवर काम चालू राहिलं.

मे महिन्यात मीनल कल्याणला नातेवाइकांकडे आली होती, ती कॅम्प चारला घर शोधत आली. रखमाबाईंनी चहा केला. तिने भिंतीवरचा फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आवाज कसा होता हो तिचा? मी कधी ऐकलाच नाही."

मैत्रेयी सांगायला गेली आणि अडली. यशूचं बोलणं तिला आठवत होतं ते सगळं टाइप केलेलं, आणि त्यातलं तिचं किती, आपलं किती, हेही सांगता येईना.

"जाडसर होता," रखमाबाई म्हणाल्या. "नेहमी सर्दी झाल्यासारखा."

मीनलने मान हलवली. मैत्रेयीनेही हलवली. पण तिला तो आवाज आठवला नाही.