काखेतला पट्टा

उमैमा देगलूरची. वडील चांदपाशा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. पोरगी विमानं दुरुस्त करते, हे ते गिऱ्हाइकांना हातातलं काम थांबवून सांगत. लातूरजवळच्या एका वैमानिक प्रशिक्षण केंद्रात ती तंत्रज्ञ होती.

सुकन्या तिथं शिकवायची. हिमायतनगरची, उंचीनं बेताची. केंद्रातल्या जुन्या, दोन आसनी विमानांत खांद्यावरून घ्यायचा वरचा पट्टा दारापाशी उंचावर पक्का केलेला. उंच माणसाच्या तो बरोबर खांद्यावर बसे, सुकन्याच्या गळ्यावरून जाई. मान वळवली की काचायचा. म्हणून ती तो काखेतून घ्यायची. खाली उशी घेऊन पाहिली, तर कमरेचा पट्टा पोटावर चढू लागला.

उमैमाला ते बघवत नव्हतं. काखेतला पट्टा छातीला धरत नाही, धडक बसली तर फासळ्यांत घुसतो, हे तिनं व्यवस्थापक आनंदराज यांना कितीदा तरी सांगितलं. दोन्ही खांद्यांवरून येणारे मंजूर पट्टे मिळतात, तेवढे मागवा म्हणाली. ते म्हणाले, आहेत ते नियमात बसतात, मग अडचण काय? आणि लेखी मंजुरीशिवाय तिला स्वतःहून विमानाला साधं भोकही पाडता येत नव्हतं. रोज सकाळी ती पट्टा ओढून बघायची, बक्कल तपासायची, सही करायची. मग विमान परत उतरेपर्यंत तिचं कशात लक्ष लागत नसे.

सोयाबीन फुलावर होतं तेव्हाची गोष्ट. सुकन्या मुज्तबा नावाच्या उंच विद्यार्थ्याला घेऊन उतरत होती. धावपट्टीवर रोही, नीलगाईचा नर, आडवा आला. विमान वळलं आणि कडेच्या नालीत नाकावर आपटलं. मुज्तबा खांद्यावर पट्ट्याचा वळ घेऊन स्वतः बाहेर आला. सुकन्याला उमैमानं आणि इतरांनी काढलं. फासळ्या मोडल्या होत्या, यकृत फाटलं होतं, तोंड समोरच्या यंत्रांच्या फळीवर आदळून एक डोळा गेला होता.

दवाखान्यात तिची आई कस्तुराबाई उमैमाच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "तिनं पट्टा बांधला न्हवता का गं?"

"बांधला होता, मावशी."

"मग असं कसं झालं?"

उमैमा उठून जिन्यात गेली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली.

चौकशीत पट्टा शाबूत निघाला. तो शाबूत असला तरी खांद्यावर नव्हताच, असं उमैमा प्रत्येकाला सांगत सुटली. लोक मान डोलवत. शेवटी मुज्तबाच्या घरच्यांनी पोराला काढून घेतलं, आणखी दोघे विद्यार्थी केंद्र सोडून गेले, तेव्हा आनंदराजांनी नव्हे, केंद्राच्या मालकांनी एका विमानापुरते नवे पट्टे मागवले. परवानगी आल्यावर उमैमानं ते बसवले.

काठी टेकत सुकन्या बघायला आली. आता तिला उडायची परवानगी मिळणार नव्हती. उमैमानं तिला आसनावर बसवलं. दोन्ही पट्टे खांद्यांवर सपाट बसले, गळा मोकळा राहिला. सुकन्यानं समोरच्या यंत्राकडे हात नेला. एका डोळ्यानं अंतर कळेना, बोटं हवेतच राहिली.

"मला उतरव," ती म्हणाली.

उमैमा बक्कल सोडवू लागली. बाहेर दुसरं विमान जुन्याच पट्ट्यांनिशी निघालं होतं.